सावली बाराला लहान की १२:४०ला? एका कापलेल्या गुणाची गोष्ट

रामबागची_सून (इंदूर), ७ मार्च

लेकीच्या (सहावी) विज्ञानाच्या चाचणीचा पेपर आज घरी आला. २० पैकी १९. गेलेला एक गुण बघून आधी हसले, मग डोकं तापलं. आता धड हसू नाही आणि धड राग नाही, म्हणून इथे लिहितेय.

प्रश्न होता, दिवसात सावली सर्वांत लहान किती वाजता असते? तिचं उत्तर, दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी. त्यावर लाल फुली आणि शेजारी बाईंच्या सुरेख अक्षरात 'बारा वाजता'.

हे १२:४० कुठून आलं ते सांगते. फेब्रुवारीच्या मध्यावर एका रविवारी नानांनी (माझे सासरे, निवृत्त ओव्हरसियर, हाताला सतत काहीतरी चाळा हवा) नातीला गच्चीवर बसवलं. स्वेटरची सुई कणकेच्या गोळ्यात उभी रोवली, ओळंब्याने सरळ आहे ना बघितलं, खाली जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी टिंब. मी मध्येच पापड वाळत घालायला गेले तर मलाच ओरडा, "आई, तुझी सावली पडतेय!" सुई ३० सेंमी. बाराला सावली साडेबावीस. मग कमी होत होत २१.४ वर आली आणि तिथेच थांबली. १२:३५, ४०, ४५ तिन्ही वेळा तेवढीच. म्हणून कन्येने मधली वेळ धरली. पुढच्या रविवारीही तेच. गोळा शेवटी कावळ्याने नेला.

आता ती म्हणतेय, "आई, मी बघितलं ते खोटं का?"

शाळेत जाऊन बोलू की सोडून देऊ? एका गुणाचं काही नाही हो. पण हीच शाळा प्रवेशाच्या वेळी 'मुलं करून शिकतात' असं भलंमोठं पोस्टर लावते.

पोहेवाला_भिया, ७ मार्च

पैला नंबर! भिया, एका गुणासाठी शाळेत जाऊ नका. सेव-जीरावण घाला पोह्यावर आन विसरून जा.

पुणेरी_चष्मा, ७ मार्च

सूर्य डोक्यावर बारा वाजता येतो हे चौथीपासून शिकवतात. पाच मिनिटांचा फरक समजू शकतो, चाळीस? सुई तिरकी असणार. नाहीतर घड्याळ पुढे असणार. कणकेचा गोळा हे काही शास्त्रीय उपकरण नव्हे. (हलके घ्या.)

रामबागची_सून, ७ मार्च

@पुणेरी_चष्मा, घड्याळ मोबाइलचं होतं. आणि ओळंबा नानांचा आहे, त्याच ओळंब्यावर अर्ध्या इंदूरच्या भिंती उभ्या आहेत. मला लागतं तुम्ही एकदा स्वतः करून बघा.

पुणेरी_चष्मा, ७ मार्च

'मला लागतं' नव्हे, 'मला वाटतं'. लागते ती ठेच.

पोहेवाला_भिया, ७ मार्च

आमच्याकडे लागतं. भूक पण लागते, बरं पण लागतं. तुम्हाला वाईट नाही ना लागलं?

गच्चीवरचा_तारा (उज्जैन), ८ मार्च

सावली सोडून लोक व्याकरणावर गेले. मुलगी बरोबर आहे, घड्याळही बरोबर आहे. पुस्तक अर्धवट आहे.

भारताची सगळी घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. इंदूर साधारण ७५.८६ अंशांवर, म्हणजे ६.६४ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला ४ मिनिटं लागतात. गुणाकार करा, साडेसव्वीस मिनिटं आली. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य मिर्झापूरवाल्यांच्या माध्यान्हाला असतो. आपल्याकडे यायला त्याला आणखी साडेसव्वीस मिनिटं हवीत.

दुसरी गोष्ट, माध्यान्हाला सूर्य 'डोक्यावर' असतो हेही रोजचं खरं नाही. इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे म्हणून तिथे वर्षातून फक्त दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा जूनचा पहिला आठवडा संपता संपता आणि एकदा जुलैच्या सुरुवातीला. जुलैत ढग असतात, म्हणजे हाती एकच.

शिंदे_की_छावनी (ग्वाल्हेर), ८ मार्च

आमच्याकडे एकही नाही. ग्वाल्हेर २६ अंशांच्या वर. सूर्याने आम्हाला कधीच डोक्यावर घेतलं नाही.

तिढा, ८ मार्च

थांबा. १२ + साडेसव्वीस = १२:२६. पोरीचं उत्तर १२:४०. वरची १३-१४ मिनिटं कुणाच्या खात्यात? का पुणेकरांचं घड्याळ शेवटी बरोबर?

गच्चीवरचा_तारा, ८ मार्च

@तिढा, कुणीतरी विचारेल याची वाटच बघत होतो. घड्याळ एकसारखं चालतं, सूर्य चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जोरात पळते. शिवाय आस कललेला. या दोन्हींमुळे सूर्य घड्याळाच्या कधी मागे पडतो, कधी पुढे निघतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. एप्रिलच्या मध्याला हिशेब चुकता.

२६.५ + १४ = ४०.५. कणकेच्या गोळ्याने अर्ध्या मिनिटाची चूक केली.

मात्र एक सांगतो, यात नशिबाचाही वाटा आहे. माध्यान्हाच्या आसपास सावली दहा मिनिटांत एक मिलिमीटरही बदलत नाही. म्हणून जुने ज्योतिषी लांबी मोजत बसायचे नाहीत. काठीभोवती (तिला शंकू म्हणत) वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल ती वेळ लिहायची, दुपारी परत शिवेल ती लिहायची. दोन्हींच्या बरोबर मध्ये माध्यान्ह. आणि त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा फुकट.

वेळ काढून आमच्या उज्जैनच्या वेधशाळेत या. तिथल्या सम्राट यंत्रावर सावलीने वेळ वाचता येते आणि भारतीय प्रमाणवेळेसाठी कोणत्या तारखेला किती मिनिटं मिळवायची त्याचा तक्ता असतो. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पडीक झाली होती. गोविंद सदाशिव आपट्यांच्या खटपटीने १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. मराठी माणसाचं काम आहे, बघायला आपण जात नाही.

मांजरपाट, ८ मार्च

वाखू (वाचनखूण) साठवली. घरात स्वेटरची सुई नाही, छत्रीची काडी चालेल का?

गच्चीवरचा_तारा, ८ मार्च

चालेल. सरळ हवी, बस.

फळा_खडू, ८ मार्च

मीही एक अशीच लाल पेनवाली बाई. त्या बाईंच्या बाजूने बोलायला कुणी नाही म्हणून बोलते.

माझ्याकडे चार तुकड्या आहेत, प्रत्येकीत ४५-४८ मुलं. तास ३५ मिनिटांचा, त्यातली सात हजेरी आणि 'मॅम, हा मला चिमटे काढतो' यात. पेपर मी काढत नाही, उत्तरसूची मी ठरवत नाही. सूचीत 'बारा वाजता' लिहिलंय आणि मी १२:४०ला गुण दिला, तर उद्या बारा लिहिलेल्या मुलांचे पालक व्हॉट्सॅपवर. आणि कुणी १:१० लिहिलं असेल त्याचं काय? त्यानेही बघितलं असेल किंवा ठोकून दिलं असेल. एकशे ऐंशी पेपर तपासताना रात्री साडेअकराला ते कसं ओळखायचं?

बाईंचं चुकलं, मान्य. त्यांनी फुली मारण्याआधी मुलीला बोलावून 'हे कुठून आणलंस गं' एवढं विचारायला हवं होतं. पण तेवढ्या एका वाक्याला शाळेच्या दिवसात जागा नसते. माझ्याही नसते.

रामबागची_सून, ८ मार्च

@फळा_खडू, हे वाचून गप्प झाले. बाई वाईट नाहीत, लेकीला आवडतात. उद्या भांडायला जाणार होते, आता जरा थांबते.

कोटा_रिटर्न, ८ मार्च

सगळं छान आहे. आता कडू बोलतो. भंवरकुव्यावर संध्याकाळी सातला उभे राहा आणि क्लासमधून बाहेर पडणारी मुलं मोजा. ही सगळी पोरं कधीतरी तुमच्याच गच्चीवर सुया रोवत होती. परीक्षेत चार पर्याय असतात, त्यात १२:४० नसतं. मी दोन वर्षं कोट्यात काढली, तिथे सूर्य कधी उगवतो हेही माहीत नव्हतं, तरी आज नोकरी आहे. मुलीला सांगा, गच्चीवर १२:४०, पेपरात बारा. दोन वह्या ठेवायच्या.

तिढा, ८ मार्च

दोन वह्या व्यापारी ठेवतात, आयकरवाल्यांसाठी.

दोन_पिल्लांची_आई, ९ मार्च

आम्ही उलट्या बाजूने पोळलो आहोत. मोठ्याला 'मुक्त' शाळेत घातलं. पुस्तक नाही, परीक्षा नाही, मुलं ठरवणार काय शिकायचं. पहिली तीन वर्षं स्वर्ग. मुलगा माती कालवतो, बियाणं ओळखतो, मोठ्यांशी डोळ्यात डोळे घालून बोलतो. पाचवीत बदली झाली, दुसऱ्या शाळेत गेलो आणि कळलं, भागाकार येत नाही. 'कच्चा' नव्हे, येतच नाही. ताई म्हणायच्या, त्याला गरज वाटेल तेव्हा शिकेल. त्याला गरज वाटली ती नव्या वर्गात सगळे हसले त्या दिवशी.

तीन महिने रोज संध्याकाळी आम्ही दोघं भागाकार करत बसलो, जुन्या पद्धतीने, पाढे म्हणत. धाकटी साध्या शाळेत आहे. तिला भागाकार येतो, पण गवारीचं रोप दाखवलं तर 'हे काय' विचारते. दोन्ही मिळून एक शाळा झाली असती.

आजोबांचा_पाढा, ९ मार्च

पाढ्यांचं नाव निघालं म्हणून. पावकी, निमकी, दीडकी आमच्या वडिलांना तोंडपाठ. बाजारात साडेतीन किलोचा हिशेब दुकानदाराच्या आधी. पाठांतर म्हणजे घोकंपट्टी असं आता सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. पाठ असलेलं हाताशी असतं, विचार करायला डोकं मोकळं राहतं.

निवृत्त_मास्तर (देवास), ९ मार्च

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. लांबेल, माफ करा.

आपल्या मध्य प्रदेशात हे सगळं एकदा होऊन गेलंय, आणि तेही साध्या सरकारी शाळांत. १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान करून शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी. १९७८मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ला 'एकलव्य' संस्था उभी राहिली आणि तो बाकी जिल्ह्यांत पसरला, आमच्या देवासपर्यंत. पुस्तक होतं 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरं नव्हती! प्रयोग आणि प्रश्न. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकार करायचा अरविंद गुप्तांचा खेळ तुम्ही पाहिला असेल, तो याच होशंगाबादच्या दिवसांतला. परीक्षा पुस्तक उघडून. कॉपी कशाची करणार, पुस्तकात उत्तर असेल तर ना.

माझा एक तास सांगतो. पानांच्या शिरा आणि मुळं. मुलांना शाळेमागच्या रानात सोडायचं, रोपटी उपटून आणायची. जाळीदार शिरा असतील तर खाली सोटमूळ, समांतर शिरा असतील तर तंतुमूळ. हे त्यांनी स्वतः शोधायचं, मी सांगायचं नाही. गवत, मका, गहू एकीकडे. तुळस, हरभरा, मेथी दुसरीकडे. पाऊण तासात तक्ता भरला, मी खूश. तेवढ्यात एक पोरगा चिखलाने माखलेलं अळू घेऊन आला. पानाला जाळी, आणि खाली तंतूच तंतू. "सर, हे कुठल्या रकान्यात?"

मला उत्तर येत नव्हतं. घरी आठवड्यातून एकदा अळूची भाजी खाणारा माणूस मी, मूळ कधी बघितलं नव्हतं. मुलांनी तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'सरांना विचारायचं'. पुढच्या प्रशिक्षणात मी विचारलं, तेव्हा कळलं की अळू एकदलच आहे, म्हणजे गवत-मक्याच्या गटातलं, पानाने फसवतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा स्वप्नात आहे. एका शाळेत माझी बदली झाली, तिथे किट होतं पण कपाटात. किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. परीक्षानळी फुटली तर हिशेब कोण देणार, म्हणून ती तेरा महिने न फुटता कपाटात राहिली. पालक विचारायचे, पोरं रानात हिंडतात, शिकवणार कधी? २००२मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तोवर हजाराच्या आसपास शाळांत पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, नवीन पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर प्रश्न होता आणि त्याच पानावर त्याचं उत्तर.

मांजरपाट, ९ मार्च

'सरांना विचारायचं' हा रकाना! आज ऑफिसात आमच्या एक्सेलमध्ये घातला. साहेबांना आवडला नाही.

मांडवीकर (बडोदा), १० मार्च

आमचे सयाजीराव कसे विसरलात? १८९३ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९०६ला सबंध संस्थानात. आणि त्याही आधी १८९०ला कलाभवन, जिथे रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला हाताने शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. 'करून शिकणं' हे पोस्टर तेव्हा कुणी लावलं नव्हतं.

शिंदे_की_छावनी, १० मार्च

आला, सयाजीराव आला. बडोदेकरांना कुठलाही धागा द्या, तिसऱ्या पानापर्यंत महाराज येतातच.

मांडवीकर, १० मार्च

पाणी सुटलं तुमच्या तोंडाला. तुमच्याही महाराजांचं नाव आलंय वर, वेधशाळेत.

दप्तर_हलकं, १० मार्च

नवीन धोरणात (२०२०) सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवलेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. मुलाच्या शाळेत कुंभाराचा दिवस झाला. मुलांना हॉलमध्ये बसवून चाकावर मडकं होतानाचा व्हिडिओ दाखवला, मग वर्कशीट. ती कापडी पिशवीत आणायची. म्हणजे दप्तर नाही, पिशवी.

दोन_पिल्लांची_आई, १० मार्च

प्रोजेक्टांचं बोलूच नका. ज्वालामुखी स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. लाव्हा वेगळा घ्यावा लागतो.

पोहेवाला_भिया, १० मार्च

आता शीरियस बोलतो. इंदूरच्या पोराला ओला-सुका कचरा कुणी फळ्यावर शिकवला? सकाळी गाडी गाणं वाजवत दारात येते, डबे वेगळे नसले तर ताई परत करते. माझी भाची चार वर्षांची, सॅनिटरी न् घातक कचरा वेगळा सांगते. परीक्षा नाय, गुण नाय, रोज सकाळी तोंडी परीक्षा तेवढी. आन आपण पैले येतो.

फळा_खडू, १० मार्च

@पोहेवाला_भिया, हे आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार आहे. नाव काय सांगू?

पोहेवाला_भिया, १० मार्च

प्रोफेसर पोहे.

गच्चीवरचा_तारा, १७ मार्च

धागा वर आणतो. येत्या रविवारी, २२ तारखेला, ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या गावी माध्यान्ह काढा. वर्तुळाची रीत. गणिताने किती यायला हवं ते मी सोमवारी सांगेन. आधी सांगितलं तर पुणेकर तेवढंच मोजतील.

शिंदे_की_छावनी, २२ मार्च

ग्वाल्हेर १२:२५. झाडूची काडी.

मांडवीकर, २२ मार्च

बडोदा १२:४३. सयाजीबागेत बसलो होतो, पाच मुलं जमली, एका आजोबांना वाटलं जमीन मोजतोय.

मांजरपाट (नागपूर), २२ मार्च

१२:२१. छत्रीची काडी. डोकं भाजलं.

पुणेरी_चष्मा, २२ मार्च

१२:४१. घड्याळ तीन वेळा तपासलं.

गच्चीवरचा_तारा, २३ मार्च

गणिताने: ग्वाल्हेर १२:२४, बडोदा १२:४४, नागपूर १२:२१, पुणे १२:४१. चष्मेवाले, अभिनंदन.

पुणेरी_चष्मा, २३ मार्च

आभार. सुई तिरकी असण्याविषयीचं माझं विधान मागे घेतो. 'लागतं'विषयीचं नाही.

रामबागची_सून, २४ मार्च

उशीर झाला, परीक्षा होत्या. आमचं १२:३३ आलं. कन्या हादरली. "फेब्रुवारीत चाळीस होतं, आता तेहतीस. मीच चुकले होते का?" मग ताराभाऊंचं १४ मिनिटांचं पोस्ट नानांनी तिला वाचून दाखवलं, तर कॅलेंडर काढून नोव्हेंबरचं उत्तर आधीच लिहून ठेवलंय तिने, १२:१०. बघू म्हणते.

शाळेत गेले होते. भांडले नाही. दोन्ही कॅलेंडरं बाईंच्या टेबलावर पसरली. त्या बराच वेळ टिंबं बघत होत्या. म्हणाल्या, गुण आता बदलता येत नाही, रजिस्टर वर गेलंय. मग विचारलं, सुई किती नंबरची?

जूनमध्ये शाळा उघडली की सातवीला मैदानात घेऊन जाणार म्हणाल्या. तोवर सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असेल ना, मग दुपारची सावली दक्षिणेला पडेल? नाना म्हणतात पडेल. @गच्चीवरचा_तारा, तसं असेल तर कागद सुईच्या कुठल्या बाजूला ठेवायचा ते आत्ताच सांगा. आणि कणकेला पर्याय सुचवा कुणीतरी, कावळ्याला सवय लागलीये.

निवृत्त_मास्तर, २४ मार्च

चिकणमाती. आणि बाईंना सांगा, कागदावर एक रकाना मोकळा ठेवा.

पुणेरी_चष्मा, २४ मार्च

'सवय लागलीये' इथे मात्र बरोबर आहे.